जो फिरला तो हरला? : एकोणिसाव्या शतकातले अमेरिकन उमेदवार आणि त्यांचे दौरे

उंटावरचा_शहाणा

मंडळी, अमेरिकन निवडणुकांवर इथे दर चार वर्षांनी रण माजतं. म्हणून हा धागा जुन्या काळाचा काढतोय, निदान ट्रम्प-बायडन तरी मध्ये येणार नाहीत.

एकोणिसाव्या शतकात राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराने स्वतः मतं मागत हिंडणं हलकेपणाचं समजत. पदाने माणसाला शोधत यावं, माणसाने पदामागे धावू नये, असा संकेत. कार्यकर्ते मशालींच्या मिरवणुका काढणार, वर्तमानपत्रं एकमेकांवर चिखल उडवणार आणि उमेदवार घरी बसून पत्रांना उत्तरं लिहिणार. १८६० साली लिंकनने हेच केलं. स्प्रिंगफिल्डमध्ये बसून राहिला, प्रचाराचं एकही भाषण केलं नाही.

आता संकेत मोडणारे बघा. १८५२ ला जनरल विनफिल्ड स्कॉट, म्हाताऱ्या सैनिकांच्या आश्रमाला जागा बघायच्या निमित्ताने ओहायो-केंटकी फिरला. आपटला. १८६० ला स्टीफन डग्लस. आपटला. १८७२ ला होरेस ग्रीली, १८८४ ला जेम्स ब्लेन, दोघेही आपटले. आणि कळस म्हणजे १८९६ चा विल्यम जेनिंग्ज ब्रायन: १८ हजार मैल, २७ राज्यं, सहाशेच्या आसपास भाषणं. समोरचा मॅकिन्ले ओहायोतल्या कँटन गावी घराच्या पडवीत उभा राहिला आणि राज्यवार ठरणाऱ्या निर्वाचक मतांत २७१ विरुद्ध १७६ ने जिंकला.

माझं मत: लोकांना दारात आलेला उमेदवार नकोच होता. तुम्हाला काय वाटतं?

पावशेर_पेढे

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

विदाभक्त

उंटाशेठ, ताप आला म्हणून डॉक्टरकडे गेलेल्यांची यादी करून ‘डॉक्टरकडे जाणारे आजारी पडतात’ म्हणण्यासारखं आहे हे. जो मागे असतो तोच बाहेर पडतो. ज्याचं आपोआप चाललंय तो कशाला इंजिनाचा धूर खाईल?

शिवाय यादी सोयीस्कर आहे. १८४० चा विल्यम हेन्री हॅरिसन कुठे गेला? विरोधक त्याला तोंड न उघडणारा जनरल म्हणून हिणवत होते. म्हणून तो बाहेर पडला, ओहायोत फोर्ट मेग्जला जंगी सभेत बोलला, आणखीही भाषणं केली, आणि जिंकला.

पावशेर_पेढे

जिंकला आणि शपथेनंतर महिन्याभरात वारला. उंटाशेठचा मुद्दा सिद्ध होतो की. (हलके घ्या.)

रुळावरचा

ब्रायनचा विषय निघालाच आहे तर माझ्या आवडीच्या अंगाने लिहितो.

सहाशे भाषणं हा आकडा आपण वाचून पुढे जातो. माइक नाही, लाऊडस्पीकर नाही. गाडी लहान स्टेशनावर थांबणार, इंजिन पाणी घेणार, तेवढ्या वेळात हा गडी शेवटच्या डब्याच्या मागच्या कठड्याशी उभा राहून बोलणार. शिट्टी झाली की वाक्य अर्धवट सोडून हात हलवायचा. पुढचं स्टेशन वीस मिनिटांवर. तिथे पुन्हा तेच, कारण तिथल्या लोकांनी आधीचं ऐकलेलं नसतं. काही दिवशी अशी वीस-वीसच्या वर भाषणं झाली आहेत.

सुरुवातीचे बरेच आठवडे त्याला स्वतंत्र डबासुद्धा नव्हता. पक्षाच्या तिजोरीत खडखडाट. उमेदवार साध्या गाडीने जातोय, स्वतःची बॅग स्वतः उचलतोय, जंक्शनवर उतरून गाड्या बदलतोय. वेळापत्रकही त्याचं तोच बघायचा. पक्षाने खास डबा दिला तो मोहीम बरीच पुढे गेल्यावर.

घामाने चिंब झालं की अंघोळीला वेळ नाही, म्हणून तो जिनने अंग पुसून घ्यायचा असं सांगतात. गडी स्वतः थेंबालाही न शिवणारा, आणि हात मिळवायला येणाऱ्यांना वास मात्र गुत्त्याचा!

मीनाक्षी_काकू

रुळावरचे साहेब, फार छान. तेव्हा हे ब्रायन छत्तीस वर्षांचे होते ना? ह्या वयात आमच्याकडची मुलं डोंबिवली फास्टला लटकून आली की दोन तास कोणाशी बोलत नाहीत.

एक विचारते. एवढं काय सांगत होते ते लोकांना? चांदी-सोन्याचं काहीतरी होतं एवढं वाचल्याचं आठवतं.

जुनी_पेटी

काकू, थोडं सविस्तर लिहितो, कारण ह्यात आपल्या मुंबईचाही संबंध आहे.

अमेरिकेतला शेतकरी तेव्हा कर्जात बुडालेला. गव्हाचे, कापसाचे भाव वर्षानुवर्षं उतरत होते. कर्ज घेतलं तेव्हा हप्त्यापुरतं जेवढं धान्य विकावं लागे, त्याच्या कितीतरी जास्त आता विकावं लागत होतं. चलन सोन्याला बांधलेलं, सोनं मोजकं, म्हणून पैसा महाग. ब्रायनची मागणी अशी की चांदीचीही नाणी पाडा, कोणीही चांदी आणावी आणि टांकसाळीने १६ भार चांदी म्हणजे १ भार सोनं ह्या दराने पाडून द्यावी. बाजारात तेव्हा एका सोन्याला तिसाच्या आसपास चांदी मिळत होती. म्हणजे पैसा स्वस्त होणार, शेतमाल वर जाणार, कर्ज हलकं होणार. ज्यांचे पैसे येणं होतं त्या पूर्वेकडच्या बँकवाल्यांच्या पोटात गोळा आला तो ह्यामुळे.

आता मुंबई. आपला रुपया चांदीचा होता आणि १८९३ पर्यंत मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळीत व्यापारी चांदी देऊन रुपये पाडून घेऊ शकत. चांदीचा भाव घसरत गेला तसा सरकारचा जीव टांगणीला, कारण महसूल रुपयात जमा व्हायचा आणि विलायतेची देणी सोन्यात भागवायची. जून १८९३ मध्ये सरकारने टांकसाळींचं हे दार बंद केलं. जगातलं एक मोठं गिऱ्हाईक एका दिवसात गेलं. चांदी कोसळली, कोलोरॅडोतल्या खाणी बंद पडल्या. अमेरिकेत मंदी आलेलीच होती, त्याच वर्षी तिथल्या सरकारनेही चांदीची ठरलेली खरेदी थांबवली. तीन वर्षांनी ब्रायन गाडीच्या कठड्यावर उभा राहून जे बोलत होता त्याची एक मुळी फोर्टातल्या टांकसाळीपर्यंत येते.

मीनाक्षी_काकू

पेटीसाहेब, आमचे सासरे टांकसाळीत होते हो. घरी कधी हे निघालं नाही. धन्यवाद.

तिसऱ्या_मसाला

१६ ला १ वरून आठवलं, काही गावांत ब्रायनच्या स्वागताला सोळा मुली पांढऱ्या कपड्यांत आणि एक पिवळ्या कपड्यांत उभी करत. सोळा चांदीच्या, एक सोन्याची. त्या सतराव्या मुलीला घरी काय वाटलं असेल?

पावशेर_पेढे

हळद लागल्यासारखं.

ओहायोकर

कँटन आमच्याकडून गाडीने तासाभरावर, त्यामुळे मॅकिन्लेची बाजू मांडायची जबाबदारी माझी.

तो ‘घरी बसला’ हे अर्धसत्य आहे. साडेसात लाख माणसं त्याच्या दारात येऊन गेली असा अंदाज आहे. रेल्वे कंपन्यांनी भाडी इतकी उतरवली की ‘घरी राहण्यापेक्षा कँटनला जाणं स्वस्त’ अशी थट्टा चालायची. स्टेशनावर उतरलेल्या शिष्टमंडळाला वाजतगाजत घरापर्यंत आणत. पोलादवाले, शेतकरी, जुने सैनिक, सायकलवाले, एकामागून एक. अंगणातलं गवत तर गेलंच, कुंपण लोकांनी आठवण म्हणून तुकड्या-तुकड्यांनी पळवलं.

आणि ह्यात काहीही आयत्या वेळचं नव्हतं. शिष्टमंडळाचा पुढारी काय बोलणार ते आधी लिहून मागवत, मॅकिन्ले ते वाचून दुरुस्त करी आणि त्याला जुळेल असं आपलं उत्तर तयार ठेवी. दुसऱ्या दिवशी देशभरच्या वर्तमानपत्रांत छापून येई ते असं धुऊन-इस्त्री करून. ब्रायन मात्र दिवसाला वीस वेळा तोंड उघडणार, त्यात एखादं वाक्य घसरलं की विरोधी पेपर तेच धरून बसणार.

मॅकिन्लेला बाहेर काढायचा प्रयत्न त्याच्या लोकांनी केला होता. त्याचं उत्तर प्रसिद्ध आहे: ब्रायनशी भाषणांत स्पर्धा करायची तर मी अंगणात झुला टांगून एखाद्या कसरतपटूशीच स्पर्धा केलेली बरी. बायको आजारी असायची, तिला सोडून लांब जाणं त्याला नकोच होतं, हेही खरं.

ते घर आता नाही, पाडलं. त्या जागी वाचनालय आहे. टेकडीवर त्याचं भलंथोरलं स्मारक आहे, पायऱ्या बरोबर १०८. भारतातून आई-बाबा आले तेव्हा बाबांनी नामस्मरण करत चढायला सुरुवात केली, चाळिसाव्याला रामाला थांबायला सांगितलं आणि बाकावर बसून डबा उघडला.

उंटावरचा_शहाणा

ओहायोकर, हेच तर म्हणतोय. लोक स्वतः उठून त्याच्याकडे गेले. उमेदवार मागे धावला नाही, त्याचा मान राहिला.

विदाभक्त

लोक ‘स्वतः’ उठून गेले नाहीत, त्यांना नेलं. मार्क हॅना नावाच्या माणसाने कारखानदार आणि बँकांकडून अक्षरशः वर्गणी लावून पैसा उभा केला. स्टँडर्ड ऑइलचे अडीच लाख डॉलर, जे. पी. मॉर्गनचे अडीच लाख. पक्षाचा एकूण खर्च ३५ लाखांच्या घरात. ब्रायनकडे त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकेही जेमतेम. वीस कोटींच्या आसपास पत्रकं छापली, तीही जर्मन, स्वीडिश, इटालियन अशा भाषांतून, आणि मतं पडली एकूण सुमारे १ कोटी ४० लाख. प्रत्येक मतदाराला दहा-पंधरा पत्रकं! वर १,४०० वक्ते गावोगाव सोडलेले.

म्हणजे एका बाजूला एक माणूस आणि त्याचा घसा, दुसऱ्या बाजूला कारखाना. पडवी हा त्या कारखान्याचा फक्त दर्शनी भाग.

नवखा_वाचक

वाचतोय. विदाभक्त, त्यांनी चलचित्रही वापरलं ना?

विदाभक्त

हो, आणि तेही १८९६ मध्ये! बायोग्राफ कंपनीने मॅकिन्लेला त्याच्याच हिरवळीवर चालताना टिपलं. कोणीतरी कागद देतं, तो वाचतो, संपलं. ऑक्टोबरात न्यू यॉर्कच्या नाट्यगृहात दाखवलं तेव्हा लोकांनी टाळ्या पिटल्या. घर न सोडता न्यू यॉर्कला पोचलेला उमेदवार.

जुनी_पेटी

सगळे ब्रायनवरच अडकलात. माझ्या मते ह्या शतकातला खरा दौरा डग्लसचा.

१८६० मध्ये डेमोक्रॅटिक पक्ष गुलामगिरीवरून दुभंगला. उत्तरेचा उमेदवार डग्लस, दक्षिणेचा ब्रेकिन्रिज. डग्लस जुलैत घराबाहेर पडला, पण उघडपणे ‘प्रचाराला निघालो’ म्हणायची सोय नाही. म्हणून सांगितलं, आईला भेटायला चाललोय. आई न्यू यॉर्क राज्यात क्लिफ्टन स्प्रिंग्जला. आता वॉशिंग्टनहून तिथे जायला किती दिवस लागावेत? हा बाबा फिलाडेल्फिया, न्यू यॉर्क, हार्टफर्ड, बॉस्टन, ऱ्होड आयलंड अशी न्यू इंग्लंडची प्रदक्षिणा घालत, जागोजागी भाषणं ठोकत सप्टेंबरात आईकडे पोचला. विरोधकांनी पत्रक काढलं: मुलगा हरवला आहे. जुलैत आईकडे जायला निघाला, अजून पोचला नाही, आई काळजीत आहे. उंची पाच फूट, रुंदीही तेवढीच. फार बोलतो, मोठ्याने बोलतो आणि स्वतःबद्दलच बोलतो. आपण राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार आहोत असा त्याचा समज आहे.

तिसऱ्या_मसाला

ह्या पत्रकात तो ऱ्होड आयलंडला तिसऱ्यांच्या जेवणावळीत दिसल्याचंही लिहिलंय. आईकडे उशिरा पोचायला ह्याहून सबळ कारण आमच्या मालवणात कोणी मागणार नाही. जाता जाता, तिकडे त्या समुद्री शेवाळ घालून वाफवतात. वाटणाशिवाय. चालू द्या.

जुनी_पेटी

पुढचा भाग मात्र हसण्यावारी न्यायचा नाही.

आईकडे पोचायच्या आधीच, ऑगस्टच्या शेवटी, तो दक्षिणेत उतरला. २५ तारखेला व्हर्जिनियातल्या नॉरफोकला भर सभेत त्याला प्रश्न विचारला: लिंकन निवडून आला तर दक्षिणेच्या राज्यांनी फुटून निघणं योग्य ठरेल का? मतं हवी असती तर गुळमुळीत उत्तर देऊन निसटता आलं असतं. त्याने सरळ ‘नाही’ म्हणून सांगितलं, आणि फुटणाऱ्यांवर कायद्याचा अंमल करणं कोणत्याही राष्ट्राध्यक्षाचं कर्तव्य आहे हेही.

ऑक्टोबरात तो आयोवातल्या सीडर रॅपिड्सला होता. पेनसिल्व्हेनिया आणि इंडियानातल्या राज्य पातळीवरच्या निवडणुका लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाने जिंकल्याची तार आली. अर्थ स्वच्छ होता. तो आपल्या सचिवाला म्हणाला, लिंकन राष्ट्राध्यक्ष होणार, आपल्याला देश वाचवायला हवा, मी दक्षिणेत जातो. आणि गेला. टेनेसी, जॉर्जिया, अलाबामा. मंट्गमरीत अंडी आणि टोमॅटो अंगावर आले. तिथून निघताना गर्दीच्या भाराने बोटीचा वरचा डेक कोसळला, पायाला मार लागून तो कुबडीवर आला. निकालाच्या रात्री मोबील शहरात एका वर्तमानपत्राच्या कचेरीत बसून तारा वाचत होता.

हरणार हे माहीत असून, जिथे आपल्याला मत मिळणार नाही अशा मुलखात जीव मुठीत धरून फिरणारा दुसरा उमेदवार मला दाखवा.

कडूकारलं

पेटीसाहेब, लिहिलंय उत्तम, पण आरती जरा आवरा. हाच डग्लस १८५४ मध्ये कॅन्सस-नेब्रास्काचा कायदा घेऊन आला आणि ‘गुलामगिरी हवी की नको ते तिथल्या गोऱ्यांनी मतदानाने ठरवावं’ म्हणून वणवा पेटवला. १८५८ च्या लिंकनबरोबरच्या सात जाहीर वादसभांत त्याने काळ्या माणसांबद्दल काय-काय उधळलंय ते वाचा. बायकोच्या माहेरून आलेल्या मिसिसिपीतल्या मळ्याचं उत्पन्नही घरात येत होतं. आग लावून मग बादली घेऊन धावणाऱ्याला किती मान द्यायचा?

जुनी_पेटी

कारलंबुवा, ह्यातलं काहीच नाकारत नाही. पण बादली घेऊन धावला हेही नोंदवायला हवं. बाकीचे तेवढंही करत नव्हते. लिंकन गप्पच होता, आणि दक्षिणेतले लोक फुटण्याची धमकी देतात ती पोकळ आहे असं रिपब्लिकनांना तेव्हा खरोखर वाटत होतं.

कडूकारलं

नोंदवलं. आरतीला मात्र येणार नाही.

रुळावरचा

अवांतर: त्या १८५८ च्या वादसभांच्या वेळी डग्लस इलिनॉय सेंट्रल रेल्वेच्या खास डब्यातून फिरायचा, मागे उघड्या वाघिणीवर तोफ! गाव जवळ आलं की बार काढायचा. लिंकन बहुतेकदा साध्या गाडीने. त्या रेल्वेचा उपाध्यक्ष होता जॉर्ज मॅक्लेलन, जो पुढे युद्धात लिंकनचा सेनापती आणि १८६४ ला विरोधी उमेदवार झाला.

मीनाक्षी_काकू

ह्या सगळ्यात बायका कुठे होत्या? की नेहमीप्रमाणे डबा बांधून देण्यापुरत्या?

कडूकारलं

काकू, डग्लसबरोबर त्याची बायको ॲडेल दौऱ्यावर होती, अलाबामातल्या त्या बोटीवरसुद्धा. आणि १८९२ चं बघा. पॉप्युलिस्ट पक्षाचा उमेदवार जेम्स वीव्हर, त्याच्याबरोबर बायको आणि कॅन्ससच्या वक्त्या मेरी एलिझाबेथ लीज. राष्ट्राध्यक्षासाठी मत द्यायचा हक्क नसलेली बाई शेतकऱ्यांच्या सभा गाजवत होती. जॉर्जियात ह्यांच्यावर इतकी अंडी फेकली की दौराच आवरता घेतला. लीजबाई म्हणाल्या, दक्षिणेच्या सभ्य गृहस्थांनी मिसेस वीव्हरचं चालतं-बोलतं ऑम्लेट करून टाकलं.

पावशेर_पेढे

डग्लसला अंडी, वीव्हरला अंडी. अंडेवाल्यांचा हा व्यवसाय इतिहासकारांनी दुर्लक्षित ठेवलाय.

नवखा_वाचक

ब्रायन नंतर भारतात आला होता असं ऐकलंय, खरं आहे का?

जुनी_पेटी

खरं. जगप्रवासाला निघाला होता, १९०६ मध्ये भारतात आला. मग ब्रिटिश राजवटीवर सडकून टीका करणारा लेख लिहिला. त्याच्या प्रती आपल्याकडच्या चळवळीच्या लोकांनी पुढे बऱ्याच वापरल्या. हिंडायची हौस निवडणुकीपुरती नव्हती त्याची. १९०० आणि १९०८ लाही उभा राहिला, दोन्ही वेळा पडला.

उंटावरचा_शहाणा

म्हणजे तीनदा फिरला, तीनदा पडला. मी काही बोलत नाही.

विदाभक्त

बोलूच नका. १९०० ला मॅकिन्ले पुन्हा घरीच राहिला, पण त्याच्या बाजूने उपाध्यक्षपदाचा उमेदवार थिओडोर रूझवेल्ट फिरला: २१ हजार मैल, ६७३ भाषणं, ब्रायनच्या १८९६ च्या आकड्यांहून जास्त. जिंकले. फिरणाऱ्याला मतदार नाकारत असते तर हे झालं नसतं.

आणि ब्रायनला १८९६ मध्ये ६५ लाखांच्या आसपास मतं पडली. त्याआधी जिंकलेल्या कोणाही राष्ट्राध्यक्षाला एवढी पडली नव्हती. दारात येणारा उमेदवार लोकांना नको होता हे कशावरून?

उंटावरचा_शहाणा

मग हे सांगा. इलिनॉय, इंडियाना, ओहायो, मिशिगन. ब्रायन सगळ्यात जास्त तिथेच घासला, आणि चारही गेली. जिथे फारसा फिरकला नाही त्या कोलोरॅडो-मोंटाना भागात गठ्ठ्याने मतं. फिरण्याचा उपयोग काय झाला?

ओहायोकर

कोलोरॅडो त्याच्या खिशातच होतं, तिथे कशाला जाईल? लढत इकडे होती. इकडच्या कारखान्यांतल्या मजुराला स्वस्त पैसा म्हणजे महाग भाकरी असं दिसत होतं. त्यातून काही मालकांनी, ब्रायन आला तर कारखाना बंद, असं सांगून ठेवलेलं. ह्यावर कठड्यावरच्या पाच मिनिटांच्या भाषणाचा उतारा नव्हता.

मीनाक्षी_काकू

एक बाळबोध प्रश्न. फिरण्यामुळे निकाल बदलला, इकडचा तिकडे झाला, असं एक तरी उदाहरण आहे का?

रुळावरचा

काकू, आहे, पण उलट दिशेने. ब्लेन, १८८४. सहा आठवडे फिरून सुमारे चारशे भाषणं करून हा माणूस ऑक्टोबरच्या शेवटी न्यू यॉर्कला आला. २९ तारखेला सकाळी हॉटेलात पाद्री मंडळींकडून त्याचा सत्कार. त्यातल्या बर्चर्ड नावाच्या वयस्कर पाद्र्याने विरोधी पक्षाला दारू, रोमन कॅथलिक पंथ आणि बंडखोरी ह्यांचा पक्ष म्हणून टाकलं. दमलेल्या ब्लेनचं लक्ष नव्हतं म्हणा, तो काहीच बोलला नाही. विरोधकांचा लघुलेखक मात्र हजर होता. रविवारपर्यंत आयरिश कॅथलिक वस्तीत चर्चच्या दाराशी पत्रकं वाटली गेली. त्याच २९ तारखेला रात्री ब्लेन कोट्यधीशांबरोबर डेलमॉनिको नावाच्या महागड्या उपाहारगृहात जेवला, त्याचं व्यंगचित्र दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर. न्यू यॉर्क राज्य गेलं हजार-बाराशे मतांनी, साडेअकरा लाखांतून. आणि न्यू यॉर्कबरोबर अध्यक्षपद. समोरचा क्लीव्हलंड ऑल्बनीत गव्हर्नरच्या कचेरीत फायली बघत होता.

उंटावरचा_शहाणा

मी फक्त ‘धन्यवाद’ म्हणतो.

कडूकारलं

थांबा उंटाशेठ, एवढ्यात पेढे वाटू नका. हजार मतांनी हरलेल्या निवडणुकीत प्रत्येक गोष्ट निर्णायक असते. न्यू यॉर्कमध्ये ब्लेनच्याच पक्षाचा बडा पुढारी रॉस्को काँक्लिंग त्याच्यावर जवळपास वीस वर्षं डूख धरून होता. ब्लेनसाठी दोन शब्द बोला अशी गळ घातली तेव्हा हा वकीलसाहेब म्हणाला, मी फौजदारी खटले घेत नाही. काँक्लिंगच्या घरचा ओनायडा जिल्हासुद्धा ब्लेनच्या हातून गेला. ती मतं कोणाच्या खात्यावर लिहिणार, पाद्र्याच्या, जेवणाच्या की वकिलाच्या?

पावशेर_पेढे

पेढे वाटायचे असतील तर माझं नाव आधी लिहा.